सायलीच्या नावावरचे तास

गारखेड्यातल्या घराच्या मागच्या खोलीत बसून केयूर लोकांच्या वेबसाइट बनवायचा, आणि त्यात गेलेल्या मिनिटामिनिटाचा हिशेब साध्या टेक्स्ट फाइलीत लिहायचा. कुणी विचारो न विचारो, नाक वर करून सांगायचा, "अ‍ॅप्स येतात, अ‍ॅप्स जातात. टेक्स्ट फाइल अमर असते." समोरचा जांभई द्यायचा. केयूरला तो होकार वाटायचा.

फाइलीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक खातं, त्याच्या पोटात पोटखाती. काम संपलं की एक कमांड मारायची. सगळ्यांची बेरीज होऊन बिल तयार.

फुलंब्रीच्या आप्पासाहेबांचं खत-बियाण्यांचं दुकान हे त्यातलंच एक खातं. कामाच्या निमित्तानं त्यांची मुलगी सायली भेटली, आवडली, वर्षभर गुपचूप भेटत राहिली. दुसरा कुणी एवढ्यावर खूश झाला असता. केयूरला मात्र ते तास लिहिल्याशिवाय चैन पडेना. त्यानं आप्पासाहेबांच्या खात्यातच 'सायली' नावाचं पोटखातं उघडलं. याला दर लावायचा नाही, असं मनाशी पक्कं ठरवलं. फाइलीला सांगायचं राहिलं.

काम संपलं. बिल न वाचताच पाठवून केयूरसाहेब दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन मागणी घालायला दुकानात हजर.

गल्ल्यावर सायली होती. बाकावर चार शेतकरी. आप्पासाहेबांच्या हातात छापलेलं बिल.

"या, इंजिनेरसायब!" आप्पासाहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. "फोटो टाकले, दोन तास. बरं. फॉर्म दुरुस्त, एक तास. बरं. सायली, फोन, सव्वा तास..." ते थांबले. "सायली, सिद्धार्थ उद्यान, अडीच तास. सायली, रुसवा काढला, पाऊण तास. ताशी आठशे! आरं, माझ्या पोरीनं रुसावं का नाय?"

"आप्पा, रुसव्याचा दर लई झाला," बाकावरून आवाज आला. "निम्म्यात तोडा."

बाक हसून हसून हलायला लागला. केयूरचे कान लालबुंद. "काका, ते... पोटखातं बेरजेत आलं. ते नॉन-बिलेबल होतं."

"म्हंजी फुकट?"

आणखी हशा. पण आप्पासाहेब बिलाकडं बघतच राहिले. "गप रं समदे. इतकी स्थळं आली, एकाला पेट्रोलचा खर्च सांगता आला नाय. ह्यानं वर्ष लिहून काढलंय. हिशेबी पोरगा हाय. मला पसंत हाय. घरच्यांना मी समजावतो."

केयूर फुलला. पेढ्यांची दोरी सोडायला लागला.

सायलीनं बिल ओढून घेतलं. खालपर्यंत वाचलं.

"'सायली रडली, ऐकून घेतलं, एक तास दहा मिनिटं.' आजी गेली तेव्हाचं आहे हे. मी रडत होते आणि तू घड्याळ लावलं होतंस?"

"छे, छे!" केयूर घाईघाईनं म्हणाला. "लावलं नव्हतं. नंतर अंदाजानं लिहिलं."

ह्या वेळी बाक हसला नाही.

सायलीनं पर्स उघडली. "आप्पा, दुकानाचं तुम्ही द्या. माझं मी देते." तिनं फोनवर आकडेमोड केली, नोटा मोजल्या, उरलेले ऑनलाइन पाठवले. "पावती."

"कुठल्या नावानं?" सवयीनं केयूरच्या तोंडून गेलं.

"गिऱ्हाईक," सायली म्हणाली, आणि बाकाकडं वळली. "बोला काका. युरिया किती गोण्या?"