उकंडरावची बोलती चिलीम

धामणगाव बढ्याच्या उकंडराव कुंभाराकडं चिलमीची परीक्षा तोंडी असायची. चिलमी भाजायचा आवा उघडला की राख झटकून तो एकेक कोरी चिलीम ओठाला लावायचा. तंबाखू नाही, विस्तव नाही, नुसता श्वास आत ओढायचा. आतून बारीक ‘सूंऽऽ’ आलं की मान हलायची, “बोलली.” नाही आलं की चिलीम दगडावर. फट्! बंद चिलीम घराबाहेर जाऊ द्यायची नाही, ही बापाची शिस्त.

एखादं गिऱ्हाईक हळहळायचं, “राहू द्या न काका, दिसाले तं गोजरी हाय.”

“दिसाले तं तूही बरा हायेस. तुह्यात तंबाखू भरू काय?”

यंदा माघात आवा उघडला आणि पहिलीच चिलीम मुकी निघाली. सळई घातली तर आरपार गेली, तरी आवाज नाही. “केसाएवढी चीर गेली असंल,” म्हणत त्यानं ती फोडली. दुसरी फोडली. तिसरी फोडली. मग बायकोवर घसरला.

“अवं, तुह्या पऱ्हाट्या ओल्या व्हत्या. जाळच नाही लागला बराबर.”

“मांगच्या सालच्या पऱ्हाट्या त्या. ओल्या कशा राह्यतीन?” सत्यभामाबाई म्हणाली, आणि पुढचं बोलायची थांबली. दोन वर्षांपासून नवऱ्याला दमा होता. पण दमा पाण्याची घागर उचलताना लागतो, चिलीम ओढताना लागत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ती मोडायची तिची छाती होईना.

सतरावी फुटली तेव्हा रंगराव आला. खामगावच्या जिनिंगमध्ये उभा जन्म गेलेला हा उकंडरावचा लंगोटीयार. मशिनीच्या वर आवाज काढायची सवय लागलेली, त्यामुळं कानात बोलला तरी अर्ध्या गावाला ऐकू जायचं.

“काऊन बे उकंड्या, दिवाळी करून राह्यला काय? मही चिलीम कुठी हाय?”

“समद्या मुक्या निघाल्या. माती फितूर झाली लेका.”

रंगरावनं त्याच्या हातातली अठरावी काढून घेतली आणि ओढली. ‘सूंऽऽऽ’ असा लांबलचक, स्वच्छ सूर निघाला.

“हे तं गाऊन राह्यली बे!” रंगराव खदखदून हसला. त्यानं दगडापाशी पडलेला ढीग पाहिला, मग मित्राची धाप लागलेली छाती पाहिली, आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला. “येतो मी.” चिलीम मात्र तो न विसरता घेऊन गेला.

उकंडरावनं त्या सतरा चिलमींचे तुकडे पायानं बाजूला सारले. मग उरलेल्या टोपल्यातली एक उचलून त्यानं बायकोपुढं धरली.

“तू ओढ.”

उभ्या जन्मात चिलमीला तोंड न लावलेल्या बाईनं पदरानं ओठ पुसले आणि ओढली. “बोलली.” तिच्या हलक्या श्वासाचा सूर त्याला स्वतःच्या धापेपुढं ऐकूच आला नाही.

दुसरी. “बोलली.” तिसरी. “बोलली.” टोपलं रिकामं होईस्तोवर ती तेवढंच म्हणत राहिली, शेवटी शेवटी तर ओढायच्या आधीच म्हणायला लागली.

“तीस चिलमीत एकही मुकी नाही?” त्यानं विचारलं. “मह्या बापाच्या हातूनही दोन-तीन निघेत वं.”

मग हात पुढं करून तिनं तीन चिलमी वेगळ्या काढल्या. त्यानं त्या दगडावर फोडल्या. आवाज नेहमीसारखाच झाला.

“मले वाईट वाटू नये म्हून तू पुन्हा खोटं बोलशीन,” तो म्हणाला, “अन् मले समजाचं नाही.”

“नाही बोलणार. तुमची आन.”

“बोलशीन,” तो मायेनं म्हणाला.

सकाळी सत्यभामाबाई पाणी घेऊन आली तेव्हा चाक खुंट्यावरून उतरवून भिंतीला टेकवलेलं होतं. पुढच्या बाजाराला रंगरावनं पारावरून ओरडून विचारलं, “काऊन बे, दुकान बंद काऊन?”

“माती सरली.”

माती अंगणातच होती, चांगली गुडघाभर, मळून ठेवलेली. सत्यभामाबाई अजून रोज तिच्यावरच्या पोत्याला पाणी शिंपडते.