निळ्या ओठांचं मरण

“मेलो होतो, पण पुरता नाय,” असं कान्हू म्हणाला, तेव्हा जोह्यात कुणी हसलं नाही. त्याची बायको हौसा तर पदर डोळ्यांना लावून उभी होती.

पेणजवळच्या जोहे गावात घरोघरी गणपती घडतात. मूर्तीचे डोळे काढणं म्हणजे आखणी, ती कान्हूकडे. सणाच्या तोंडावर तो जेवणसुद्धा विसरतो. त्या दिवशी शेल्याची निळी किनार ओढता ओढता मूर्तींच्या रांगेतच आडवा झाला. ओठ निळे पडलेले. हौसानं हंबरडा फोडला. मुलानं, निलेशनं, त्याला मूर्तींच्या टेम्पोत घातलं, आणि अकरा-बारा गणपतींच्या सोबतीनं कान्हू पेणच्या दवाखान्यात पोचला. दिवेलागणीला घरी परतला तो आपल्या पायांनी.

“काय दिसलं?” गाव विचारू लागलं.

आधी नुसता अंधार होता. मग अंधारात दोन डोळे आले. मरणाला दुसरा साक्षीदार नसतो, त्यामुळे तपशील वाढायला अडचण येत नाही. आठवडाभरात कान्हूनं ते डोळे ओळखलेही. ते केरूच्या हातचे होते.

केरू त्याचा धाकटा भाऊ. दोघे शेजारी बसून आखणी करायचे. एकदा व्यापाऱ्यादेखत केरू बोलून गेला, “दादा, तुझा गणपती झोपेतून उठवल्यासारखा दिसतो.” तेवढ्यावर घर फुटलं. केरू रोह्याला गेला, धाटावच्या कंपनीत लागला. आईच्या बाराव्यालाही दोघे वेगवेगळ्या पंगतीत जेवले. पंगत वाढणाऱ्याला मात्र दोघांनीही एकच गोष्ट विचारली होती, ‘तो जेवला का?’

“देवानं मला परत पाठवला तो यासाठीच,” कान्हू म्हणाला आणि रोह्याला गेला.

केरू नुकताच शिफ्टवरून येऊन जेवायला बसला होता. त्याच्या बायकोनं, सोनीनं, कान्हूला पाणी दिलं. कान्हूनं सगळं मरण पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला त्यात घंटाही वाजली.

“तुझेच डोळे होते, केरू. टक्क उघडे. म्हणत होते, जा, भावाला आण. यंदाची आखणी त्याला करू दे.”

केरूचा घास हातातच राहिला. सोनीनं हात जोडले. आणि आतून हसण्याचा आवाज आला. केरूची मुलगी शिल्पा पेणच्या त्याच दवाखान्यात नर्स होती.

“हसतेस काय गो?” सोनी ओरडली.

“काका, रागावू नका. तुमचे ओठ मीच पुसले. कुंचल्याला टोक काढायला तो ओठात धरता ना? सगळा रंग होता तो. खाली ओठ चांगले गुलाबी. नाडी माझ्यापेक्षा बरी चालत होती. उपाशीपोटी चक्कर आली होती तुम्हाला.”

कान्हूनं नकळत ओठांवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मरण हातचं गेल्यावर माणूस इतका उघडा पडतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

केरू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे तू मेलाच नव्हतास.”

कान्हूनं ते बोट सदऱ्याला पुसलं.

“देवानं पाठवलं नाय. डोळे दिसले नाय.”

“जेवा आधी,” सोनी मध्ये पडली.

“थांब गो. दादा, मग तू आलास कशाला?”

याला उत्तर एकच होतं, आणि ते जिवंत माणसाच्या तोंडून निघणं कठीण. कान्हूनं एकदा भावाकडे पाहिलं. मग उठला. खुंटीवर केरूची कंपनीत न्यायची पिशवी होती. ती त्यानं काढली, दोरीवर वाळत असलेले केरूचे दोन सदरे तिच्यात कोंबले, पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि जोह्याच्या वाटेला लागला.