मोत्यांच्या वेलीसाठी पाणीबंदी

आजवर किती झाडांचा जीव तुम्ही प्रेमाने घेतलाय? खरं सांगा. आमच्या गौलीगुड्याच्या घरात माझ्या डोळ्यांदेखत असा एक खून चालला होता, आणि आरोपी होती माझी आई.

बाल्कनीत मी मोत्यांची वेल टांगली होती. दोऱ्यात हिरवे वाटाणे ओवावेत तशी ती कुंडीतून खाली लोंबते. प्रत्येक मण्यात तिने स्वतःचं पाणी साठवलेलं असतं. वरून रोज ओतलं की मुळं कुजतात. पण कुंडी होती तुळशीशेजारी. आई अंघोळ करून तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं वेलीला.

"आई, नको घालूस गं."

"तुळशीनं प्यायचं आणि हिनं बघत बसायचं? माझ्या घरात असा दुजाभाव चालायचा नाही."

समतेचा मुद्दा माझ्यावरच उलटला! मणी पिलपिलीत होऊन गळू लागले. एकेक दोरा सडत गेला आणि शेवटी एकच उरला.

आमच्याकडे अन्याय झाला की पत्रक निघतं. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली: हुंड्याविरुद्ध, मराठी शाळा वाचवण्यासाठी. इथे परमुलखात माझ्या शाळेत मराठी नव्हतंच. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. तेव्हा मीही न्हाणीघराच्या दारावर पत्रक चिकटवलं: 'ओलसर दडपशाहीचा निषेध असो! पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर तांब्या खाली ठेवा!'

आईने ते शांतपणे वाचलं. "पाणीबंदी का? मग सुरुवात तुझ्या अंघोळीपासून करू."

बाबा पेपराआडून म्हणाले, "भाषा जहाल आहे, पण मागणी रास्त आहे."

"तुम्हाला चहा हवाय ना?"

बाबांनी चळवळ तिथेच सोडली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आंटी ओरडतच जिना चढून आल्या. "क्या अम्मा, रोज मेरी धुली चादर पे मट्टी का पानी टपक रा!"

असा पाठिंबा मी मागितला नव्हता, पण घेतला. त्याच दिवशी उरलेला दोरा कापून वाळू मिसळलेल्या मातीवर गोल पसरला आणि ती कुंडी खिडकीजवळच्या, पत्रकांच्या कपाटावर ठेवली. तिच्या जुन्या जागी, तळाशी ताटली ठेवून, पुदिना लावला. आईचा तांब्या आता पुदिन्यावर रिकामा होऊ लागला.

"मला काय कळत नाही होय?" ती म्हणाली. चटणी मात्र वाटली.

दोऱ्याने जागोजागी मुळं धरली. आणि नेमकं तेव्हाच मला आठवडाभर नांदेडला मावशीकडे जावं लागलं. वेल आणि आई एकाच घरात, आणि मध्ये मी नाही! परतले तेव्हा चप्पल न काढताच आत धावले. वेल टवटवीत होती. एक नवा दोरा कपाटावरून खाली डोकावत होता.

"रोज बोट घालत होते," आईने मातीने भरलेलं नख पुढे केलं. "रोज ओल. हात नुसता शिवशिवत होता माझा. काल कोरडं लागलं, तेव्हा दोन चमचे पाजलं. चमच्याचं तू पत्रकात काही लिहिलं नव्हतंस."

ती दुरुस्ती मी लगेच केली. आता तुमची पाळी. आज तांब्या उचलाल, तेव्हा आधी मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर हात शिवशिवू द्या, पण तांब्या खाली ठेवा.