न उडालेला बार

आमच्या बोरिवलीत बंदुकीचे नियम रोजच्या रोज पाळणारा एकच माणूस राहतो, आणि त्याच्याकडे बंदूक नाही. चौथ्या मजल्यावरचे काका, म्हणजे आमच्या डोक्यावरचे शेजारी, मालवणकडच्या गावात माडांवरचे वानर हाकलायच्या ठासणीच्या बंदुकीसोबत मोठे झाले. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, गजाने ठासायची, मागे बारकीशी केप बसवायची आणि चाप ओढायचा. केप फुटते, तिची ठिणगी दारूपर्यंत जाते आणि बार होतो. पण कधी कधी नुसती केप फुटते आणि बार होत नाही. काकांचं सगळं तत्त्वज्ञान या ‘होत नाही’पासून सुरू होतं. दारू दमट असेल, ठिणगी वाटेत रेंगाळली असेल, बार उशिरानेही उडू शकतो. म्हणून बंदूक खांद्यालाच ठेवायची, तिचं तोंड माणसांपासून लांब धरायचं आणि थांबायचं. “नळयेत डोकावलंस तर थोबाड जातला,” असं ते मला मी शाळेत असल्यापासून बजावत आले आहेत. मी नळीत डोकावेन अशी भीती फारशी नव्हती. मी लिफ्टमध्येसुद्धा कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

हा नियम त्यांनी बंदुकीपुरता ठेवला असता तर मी त्यांच्याबद्दल लिहिलं नसतं. गॅसचा गीझर पहिल्या झटक्यात पेटला नाही की काका काकींना बाथरूमबाहेर काढतात आणि स्वतः दाराआड उभे राहतात. लिफ्टचं बटण दुसऱ्यांदा दाबणाऱ्याचा ते हात धरतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला आणि कुणी चकार शब्द काढला नाही, तेव्हा सेक्रेटरींना वाटलं, झालं काम. काका मात्र खुर्ची मागे ओढून माझ्या कानात म्हणाले, “बाजूक हो गो. केप फुटली हा, बार येवचो आसा.” आणि चहा फिरल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पार्किंगवरून अशा काही सुटल्या की सेक्रेटरींच्या चहावर साय धरली. माझ्याबद्दलही काकांचं हेच मत आहे. पाहुण्यांसमोर माझी वाचा बसली की आई वैतागते, “अगं, बोल ना काहीतरी!” तेव्हा काका म्हणतात, “वहिनी, तिच्या मागे लागू नकात. दारू दमट झाली हा, पण भरलेली आसा.” एवढी चांगली शिफारस मला ऑफिसातही कुणी दिलेली नाही.

बंदूक गावी काकांच्या थोरल्या भावाच्या नावावर होती. भाऊ गेले, तेव्हा काकांच्या बंगळूरला असणाऱ्या मुलाने परस्पर गावी जाऊन ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि मग फोनवर सांगितलं, “बाबा, ते गंजलेलं लोखंड सांभाळणार कोण?” काकांनी काही न बोलता फोन ठेवला. त्यानंतर ना मुलाने फोन केला, ना काकांनी. काकी जिन्यात जाऊन मुलाशी हळू आवाजात बोलायच्या आणि डोळे पुसून वर यायच्या. कुणी विचारलं तर काका म्हणायचे, “मी थांबलंय.” गणपती गेले, दिवाळी गेली. सगळी बिल्डिंग त्यांच्या संयमाचं कौतुक करत होती.

एका रविवारी काकींनी मला घावणे खायला बोलावलं होतं. काका छत्री खांद्याला लावून, तिचं टोक खिडकीबाहेर धरून, मला तोच धडा देत होते.

“थांबून झाल्यावर काय करायचं?” मी विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

“मगे केप काढूची, भोक तारेन साफ करूचा, नवी केप लावूची आणि परत चाप ओढूचो.”

“आणि नुसतं थांबूनच राहिलं तर?”

“तर काय, खांदो दुखतलो!”

“मग तुमचा दुखत नाही का, काका?”

स्वयंपाकघरातला कालथ्याचा आवाज थांबला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काका काकींना म्हणाले, “ऐकलंस? ह्या चेडवाचो बार उडालो एकदाचो.”

त्यांनी मुलाला फोन लावला. पलीकडे नुसतीच रिंग वाजत राहिली. काकांनी फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला केलं आणि आम्हा दोघींना फ्रिजमागे उभं केलं. घावणा तव्यावर करपत होता, पण काकी हलल्या नाहीत.

मग फोन थरथरला. काकांनी तो कानापासून जरा लांबच धरला. “जेवलास काय रे?” एवढंच ते म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काकांचा खांदा मात्र हळूहळू खाली आला. बंदूक काही परत यायची नव्हती. काकींनी त्यांच्या हातातून छत्री काढून घेतली, कोपऱ्यात ठेवली आणि न चुकता तिचं टोक भिंतीकडे वळवलं.