भावाच्या नावाचं राज्य

आमच्या कोपर स्टेशनजवळच्या घरात कॉम्प्युटर एकच होता आणि त्यावर मी आणि धाकटा भाऊ राज्य-राज्य खेळायचो. शहरं वसवायची, सैन्य उभं करायचं, एकमेकांवर चालून जायचं. एकाची पाळी असताना दुसऱ्याने स्क्रीन बघायची नाही, म्हणून त्याने स्वयंपाकघरात जायचं. तिथे आई लसूण सोलायला बसवायची. भाऊ मुद्दाम पाळी लांबवायचा. मी मागितलेला तह मान्य करून पुढच्याच खेपेला माझी राजधानी घ्यायचा आणि दारात येऊन म्हणायचा, "दादा, जा, बघून ये." मग मी जेवणापर्यंत त्याच्याशी अबोला धरायचो. मी तेव्हा चांगला कॉलेजात होतो.

आता तो कोलशेतच्या टॉवरमध्ये असतो, मी इथेच. आई गेल्यापासून गणपतीत भेट होते तेवढीच. यंदा त्या खेळाचा नवा भाग आला, तेव्हा मी दोघांसाठी घेऊन टाकला. आपापल्या घरी बसून, सवडीने पाळी खेळायची.

चित्रं देखणी. नदीचं पाणी खरोखर वाहतं. शहर कुठे वसवावं हे सांगायला सल्लागार आहे, शेतं आपोआप पिकतात. तरी मजा येईना. आधी सल्लागाराला दोष दिला, मग चष्म्याच्या नंबरला. बायको म्हणाली, "अहो, आवडत नाही तर खेळता कशाला?" भावाशी तेवढाच संबंध राहतो, हे तिला सांगायची लाज वाटली.

भाऊ मात्र फार चांगला खेळत होता. संध्याकाळी मी पाळी संपवायचो, सकाळी परत माझी आलेली असायची. सीमेवर त्याचं सैन्य नाही. माझ्याकडे दुष्काळ पडला तर त्याने न मागता धान्य पाठवलं. वयाने निवळला, असं मी बायकोला कौतुकाने सांगितलंही.

शेवटी न राहवून फोन केला आणि धान्याबद्दल आभार मानले.

"कसलं धान्य?" तो म्हणाला. मग हसला. "अरे दादा, मी पहिल्या रविवारनंतर तो गेम उघडलेलाच नाही. आपण नसलो की आपल्या वतीने कॉम्प्युटर खेळतो. मला वाटलं, तुला माहितेय."

माहीत होतं, गंमत केली, असं मी म्हणालो. तू अजून खेळतोस का, असं त्याने विचारलं. मधूनमधून, म्हटलं. त्याला सोसायटीच्या मीटिंगला जायचं होतं.

त्या संध्याकाळी मी सगळं सैन्य घेऊन त्याच्या राजधानीवर गेलो. वेशीपाशी पोचलो तर त्याच्या नावाने निरोप आला, तह करू या. इतक्या वर्षांत भावाने असं कधी विचारलं नव्हतं. सल्लागाराचं मत होतं, हल्ला करा. मी तह मान्य केला, पाळी संपवली आणि पहिल्यांदाच स्क्रीन बंद न करता बसून राहिलो. त्याची पाळी आली, डोळ्याची पापणी लवायच्या आत संपली, आणि पुन्हा माझी आली.