एकाच नंबरची दोन पॅकेजं

संघपालबद्दल कोणी विचारलं की मी आधी चिडते, मंग सांगते. शांतपणे त्याची गोष्ट सांगणं माझ्याच्यानं होत नाही. ज्यांले शांत माणूस पाहिजे त्यांनी दुसऱ्या कोणाले विचारावं.

मी मेघा. परसोडीच्या आयटी पार्कात एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगले आहो. म्हणजे बाकीचे लिहितात आणि मी त्यात खोड्या काढते. अकरा वर्षं झाली हेच करून राहिली. माझी सही पडल्याशिवाय आमच्या इथून काहीच बाहेर जात नाही, असं मले वाटत होतं. वाटत होतं!

आता संघपालचं काम काय, ते आधी सांगते, कारण त्याच्या आईलेही ते कधी नीट समजलं नाही. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक सगळं काही स्वतः लिहीत नाहीत. आपण घरी हळद कुटत बसतो का? पुडाच आणतो ना? तसे हे लोक आधी कोणी बनवून ठेवलेले तुकडे उचलतात. त्या तुकड्याले पॅकेज म्हणतात. ऑफिसची सगळी पॅकेजं ज्या एका सर्व्हरवर ठेवली राहतात ती आमची रिपो. बाहेरच्या माणसाले तिथं जागा नाही. पॅकेज चढवायले टोकन लागते, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ, आणि ते टोकन एकट्या संघपालजवळ.

रिपोचा कायदा एकच. पॅकेजले एकदा नंबर दिला, चढवलं, की त्या नंबराखालचा माल बदलायचा नाही. एक अक्षर बदलायचं असंल तरी नवीन नंबर द्यायचा. संघपाल या बाबतीत इतका कडक की लोक वैतागत. एकदा मनोहरराव, म्हणजे आमचे मालक, स्वतः म्हणाले, "अरे, एक स्वल्पविराम बदलायचा आहे." हा म्हणते, "सर, नंबर वाढवून देतो, दोन मिनिटं लागतात."

रिपो बिघडली की चाळीस माणसं हात बांधून बसत. मंग कोणी नेटले शिव्या देई, कोणी मशीन बंद-चालू करत बसे. संघपाल येऊन उभा राही आणि विचारे, "काल चालत होतं का? मंग कालपासून काय बदललं?" बस, एवढंच. कधी डिस्क भरलेली निघे, कधी मशीन आपल्या रिपोऐवजी भलतीकडंच पॅकेज शोधत राहे. सापडलं की हा गालात हसे आणि आपल्या जागेवर जाऊन बसे. कोणी थँक्यू म्हणावं म्हणून थांबत नसे.

तो कामठीचा. वडील लहानपणीच गेले. आईनं, सिंधूताईंनी, पावरलूमवर कांड्या भरून त्याले शिकवलं. रोज शेअर ऑटो, मंग बस, आणि नवाच्या आत ऑफिसात हजर. सहा वर्षं कंत्राटावर. सिंधूताईंच्या हृदयाचा वॉल्व्ह खराब झाला, ऑपरेशन सांगितलं. आमच्या इथं पक्क्या लोकांच्या आई-वडिलांले कंपनीचा विमा लागू होते, कंत्राटवाल्याले नाही. म्हणून त्याले पक्कं व्हायचं होतं. दुसरा काही शौक नव्हता त्याले. दिवाळीनंतर पत्र देतो, असं सरांनी कबूल केलं होतं. पण आईचं दुखणं त्यानं सरांले सांगितलं नव्हतं. "दया नको ताई, काम पाहून द्यावं," असं म्हणे. मले सांगितलं होतं आणि अंकितले.

अंकित कुहीचा. घरी धानाची शेती, चांगल्या खात्यापित्या घरचा. पॉलिटेक्निकले असताना हा तीन वर्षं कामठीले संघपालच्या घरी राहिला. भाड्यानं नाही, घरचा म्हणून. सिंधूताईंनी दोघांले एका ताटात वाढलं. आमच्या कंपनीत त्याले लावलं तेही संघपालनंच. आणि मजा पहा, अंकित दोन वर्षांत पक्का झाला! काहून? त्याले बोलता येते. ग्राहकाशी, सरांशी, लिफ्टवाल्याशीसुद्धा.

सप्टेंबरात सिंधूताईंची अँजिओग्राफी होती. संघपालनं 'घरचं काम' म्हणून दोन दिवसांची सुटी टाकली. अंकित म्हणाला, "टोकन देऊन जा भाऊ, अडलं-नडलं तर मी आहो ना." यानं दिलं. परत आल्यावर ते टोकन बदलायले पाहिजे होतं. दुसऱ्या कोणाले दिलं असतं तर त्यानं त्याच सकाळी बदललं असतं. मी विचारलंही होतं. तर म्हणे, "अंकितजवळ आहे ना ताई, कशाले बदलू?" मी तेव्हाच त्याचा कान धरायले पाहिजे होता.

ऑक्टोबरात तीन नव्या मुली कामावर आल्या. त्यांच्या मशीनवर एक पॅकेज बसेचना. औषधांच्या एक्स्पायरीचा हिशेब करणारं ते पॅकेज, त्याले आम्ही 'मुदत' म्हणतो. नंबर चार-दोन-एक. एका मोठ्या औषध वितरकासाठी बनवलेलं. मशीन म्हणे, ठसा जुळत नाही. प्रत्येक पॅकेजचा त्याच्या आतल्या मालावरून एक ठसा निघते, माल बदलला की ठसा बदलते. मंजूर झालेल्या मालाचा ठसा नोंदवून ठेवलेला राहते, मशीन त्याच्याशी ताडून पाहते. बाकी सगळ्यांचं मात्र बरोबर चालून राहिलं होतं. सगळे त्या पोरींलेच म्हणत, "तुमचंच काहीतरी चुकून राहिलं."

संघपालनं मले बोलावलं तेव्हा पाच वाजून गेले होते. "ताई, बाकीच्यांच्या मशीनवर ऑगस्टची जुनी प्रत पडून आहे, म्हणून त्यांचं चालते. या मुली रिपोतून ताजं घेतात. हा पहा तुमच्या मशीनवरचा ठसा, आणि हा रिपोतला." दोन वेगळे! नंबर तोच, चार-दोन-एक.

माय वं! ऑगस्टात तीन आठवडे बसून मी तपासलं, सही केली, ग्राहकाच्या लोकांनी पुन्हा तपासून मंजूर केलं, ते पॅकेज वेगळं. आणि रिपोत बसलेलं वेगळं. माझ्या सहीखाली कोणीतरी दुसराच माल ठेवला होता.

त्याची बस होती. "उद्या सकाळी उतरवून, उघडून पाहतो," म्हणाला आणि निघाला. निघता निघता कोणाले फोन केला असंल? अंकितले. भोळा माणूस. म्हणे, एकट्यानं डोकं खाजवण्यापेक्षा दोघं पाहू.

सकाळी पाहतो तर रिपोत जुनं पॅकेज परत बसलेलं, ठसा जुळलेला, मुलींच्या मशीनी खडखडीत चालू. अंकित हसून म्हणाला, "झालं ना सुरू? आता कशाले खोदून राहिला गा?"

आणि त्याच दिवशी वितरकाचं पत्र येऊन धडकलं. त्यांच्या वर्ध्याच्या गोदामात चार-दोन-एक नंबरचं पॅकेज एक मुदत सांगते, गांधीबागेच्या गोदामात त्याच नंबरचं दुसरीच सांगते. गांधीबागेत मुदत संपलेल्या काही गोळ्या विक्रीले मोकळ्या दाखवल्या गेल्या. नशीब, तिथल्या फार्मासिस्टनं डोळ्यांनी पाहून अडवल्या. हे कोणी केलं, नाव द्या.

मनोहररावांनी सगळ्यांले बोलावलं. सर्व्हरवरच्या नोंदीत ते पॅकेज दोनदा बदललेलं दिसत होतं. एक सप्टेंबरात, एक काल रात्री. दोन्ही वेळेस टोकन संघपालचं.

"सर, सप्टेंबरात मी सुटीवर होतो."

"टोकन घरूनही चालते ना?"

संघपालनं अंकितकडं पाहिलं. त्याले वाटलं, आता हा बोलेल. अंकित बोलला. म्हणाला, "टोकन मले दिलं होतं सर, पण मले तर ते वापरायची गरजच नाही पडली." मान खाली नाही, आवाजात कंप नाही. मी त्याच्या शेजारीच बसली होती.

सरांनी संघपालले आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला. जिन्यात मी म्हटलं, "अंकितच आहे तो." संघपाल माझ्यावरच भडकला. सहा वर्षांत पहिल्यांदा. "काही बोलू नका ताई. माझ्या घरात वाढला तो." पण गांधीबागेले मले सोबत घेऊन गेला.

त्या गोदामात इंटरनेट नाही. म्हणून तिथल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर रिपोची छोटी प्रत ठेवलेली, आणि दर महिन्याले संघपाल डिस्क घेऊन जाऊन ती भरून येई. सप्टेंबरच्या शेवटी भरली होती. म्हणजे ते बदललेलं पॅकेज तिथं जसंच्या तसं असणार. कापडाच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्यांतून वाट काढत आम्ही पोचलो. औषधांच्या खोक्यांमधी एका स्टुलावर तो बसला, मी मागं उभी. त्यानं पॅकेज उघडलं. पॅकेज ज्या मशीनवर बनते तिथल्या फोल्डरचा पत्ता कधी कधी आतल्या फाइलीत तसाच राहून जाते. इथंही राहिला होता. फोल्डरचं नाव अंकित. त्याच्या आत दुसरं, मुदत-दुरुस्ती. तारीख अँजिओग्राफीची.

संघपालनं ती तारीख पुन्हा एकदा वाचली. मंग म्हणाला, "त्या दिवशी दुपारी फोन आला होता त्याचा. काकू कशी आहे, जेवली का, असं विचारलं." मले रडू आलं. मी सरळ सांगते, तिथं खोक्यांमधी मी रडली. तो नाही रडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या केबिनमध्ये गेलो. अंकित आधीच बसलेला. संघपालनं तो फोल्डरचा पत्ता छापलेला कागद टेबलावर ठेवला. मले वाटलं, आता मनोहरराव उडतील. ते हललेसुद्धा नाहीत.

"मीच सांगितलं होतं त्याले," ते म्हणाले. "गांधीबागेचा मॅनेजर रोज बोंबलून राहिला होता, चांगला माल अडकते म्हणून. नवीन नंबर दिला असता तर ग्राहकाची तपासणी तीन आठवडे. तू काही जुन्या नंबराखाली बदलू दिलं नसतं. तू सुटीवर गेला, आम्ही दुरुस्ती टाकून दिली. दुरुस्तीत चूक राहिली, झालं."

झालं! माणसांच्या पोटात जाणाऱ्या गोळ्या, आणि हे म्हणतात झालं!

मंग त्यांनी ड्रॉवरमधून दोन कागद काढले. एक पक्क्या नोकरीचं पत्र, पुढच्या एक तारखेपासून. दुसरा टाइप करून तयार: 'माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीचे पॅकेज चढवले गेले.' खाली संघपालचं नाव, सहीची जागा कोरी. "ग्राहकाले एक नाव पाहिजे. रिपो अंकित सांभाळेल, तुले दुसरं काम देऊ. आईचा विमा पहिल्या दिवसापासून लागू. ऑपरेशन पुढच्याच महिन्यात करून घे."

मी म्हटलं, "सर, याच्या आईचं तुम्हाले कोणी सांगितलं?"

सरांनी अंकितकडं पाहिलं. मंग अंकितच हळू म्हणाला, "सरांनी विचारलं, हा मानेल का. मी म्हटलं, काकूसाठी मानेल."

मी काय काय बोलली ते आता आठवत नाही. नालायक म्हटलं, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हटलं, सरांलेही सोडलं नाही. बाहेरचे लोक काचेतून पाहून राहिले होते. माझी जीभ चालून राहिली होती तेवढ्यात संघपालनं सरांच्या टेबलावरचा पेन उचलला आणि सही केली.

मी जिन्यात त्याले गाठलं. "काहून केली? कागद हातात होता ना आपल्या!"

"कागदानं आईचा वॉल्व्ह बदलते का ताई?" तो म्हणाला. "आणि अंकितनं हे माझ्या नावावर घातलं, याचा राग नाही येऊन राहिला एवढा. तो मले ओळखते, याचा येऊन राहिला. बरोबर सांगितलं ना त्यानं. मानलो ना मी." मंग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी खाली चहा प्यायले चल म्हटलं, तो आला नाही.

मी त्या वितरकाले एक फोन केला असता तर सगळं उघडं पडलं असतं. विमाही गेला असता. मी नाही केला. मीही गप्प बसली, आणि मले माझीही चीड येते, लिहून ठेवा.

आता संघपाल प्रिंटर आणि कीबोर्डच्या तक्रारी पाहते. गांधीबागेच्या गोदामात त्याले आत घेत नाहीत, त्याचं नाव गेटवर दिलेलं आहे. अंकितशी तो कामापुरतंही बोलत नाही.

सिंधूताईंचं ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी मी पाहायले गेली. संघपाल पलंगाजवळच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला होता. इतक्यात दारात अंकित, हातात नारळपाणी आणि सफरचंदं. मी पुढं होणारच होती त्याले बाहेर काढायले. पण सिंधूताईंचा चेहरा असा फुलला! त्याचा हात धरून मले म्हणतात, "मॅडम, यानंच साहेबाले माझ्या दुखण्याचं सांगितलं म्हणे. म्हणून तर पत्र आलं. हा माझा संघपाल, तोंडात जीभ नाही याच्या, हा मेला तरी नसता बोलला." अंकितनं नाही म्हटलं नाही. डॉक्टरांनी सिंधूताईंले कसलाही ताण नको म्हणून बजावलेलं होतं. मी संघपालकडं पाहिलं, त्यानं मले डोळ्यांनीच चूप केलं.

"अरे, असा काय बसून राहिला?" सिंधूताई त्याले म्हणाल्या. "भाऊ उभा आहे तुझा. दे त्याले खुर्ची."

संघपाल उठला आणि त्यानं अंकितले खुर्ची दिली.