दामूभाऊंचा वेग

दामूभाऊ तांडेलांना खुर्चीवर बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्यामुळे. एरवी हा माणूस चहा उभ्याने प्यायचा, डबा उभ्याने खायचा. मुरब्याहून, समुद्रकाठच्या आपल्या गावाहून, एसटीने यायचे, तर निम्मी गाडी रिकामी असली तरी दाराजवळच्या दांड्याला धरून उभे. साहेबांनी "बसा" म्हटलं की खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवायचे आणि ती खुर्ची पुढेमागे करत राहायचे. साहेब वैतागायचे, "तांडेल, निदान खुर्चीला तरी स्वस्थ बसू द्या." यावर उत्तर ठरलेलं, "बसायला बूड हाय साहेब, पन वेळ नाय."

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रंगांचा कारखाना होता. दामूभाऊ तिथे बॉयलरवर. कारखान्याच्या फुटबॉल संघाचे अकरा वर्षं कप्तान. वय चव्वेचाळीस, उजव्या गुडघ्याला कायम पट्टा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं की आता खेळाल तर पुढे काठी धरावी लागेल. पण सालवडच्या कारखान्याने आम्हाला सलग तीन वर्षं हरवलं होतं आणि ते दामूभाऊंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. "यंदाची म्याच खेळतो, सालवडवाल्यांना एक गोल मारतो, मंग हा गुडगा दर्यात टाकून देतो," असं ते येईल त्याला सांगायचे. त्यांना 'खेळू नका' म्हणायची संघातल्या कुणाची छाती नव्हती.

मी त्या वेळी सदतीस वर्षांची होते. पालघरला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग करून आल्यामुळे स्वतःला शास्त्रज्ञ समजत होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. कारखान्यात रंगीत पडद्याचा एकच कॉम्प्युटर, त्याला वेगळी खोली, काचेचं दार, गार हवा, आणि दारावर माझ्या वळणदार अक्षरात पाटी : 'चपला बाहेर काढाव्यात.' आत कुणी मोठ्याने बोललं की मी ओठांवर बोट ठेवायचे. जणू ते यंत्र पाळण्यात झोपलेलं आणि मी त्याची आई!

या बाळाच्या पोटात, दुरुस्तीला मुंबईहून येणाऱ्या इंजिनिअरने एकदा जाता जाता फुटबॉलचा एक खेळ टाकून दिला. मी तो कुणाला सांगितला नाही. जेवणाच्या सुट्टीत दाराकडे पाठ करून एकटीच खेळायचे आणि शून्य विरुद्ध नऊ अशी हरायचे. एके दिवशी मागून आवाज आला, "म्याडम, तुमची मानसं बॉलच्या मागं का पलतात? दानं टाकल्यावर कोंबड्या पलतात तशी?"

बॉयलरचा कागद द्यायला आलेले दामूभाऊ, अनवाणी, माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत होते.

त्या दिवसापासून माझी जेवणाची सुट्टी संपली. दामूभाऊ उभ्यानेच खेळायचे, कंबरेत वाकून, आणि पडद्यावरचा खेळाडू डावीकडे वळला की स्वतःही डावीकडे वळायचे. एकदा माझा डबा खाली सांडला, एकदा खाली जायचं बटण उखडून हातात आलं. खेळ म्हणजे वरून दिसणारं हिरवं मैदान आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी माणसं. पण त्यात काय काय होतं! मैदान कोरडं ठेवा, ओलं ठेवा, चिखलाचं ठेवा. चिखल केला की चेंडू खरंच मंद व्हायचा. वारा कुठून वाहतो ते ठरवा. पंच कडक हवा की सैल, तेही आपणच सांगायचं. गोल झाला की यंत्र तो पुन्हा सावकाश दाखवायचं. दामूभाऊंना त्याचं फार अप्रूप. आणि मी कधी उघडूनही न पाहिलेली एक यादी त्यांनी शोधून काढली. तिच्यात प्रत्येक खेळाडूचं नाव बदलता यायचं आणि त्याच्यापुढे एक ते नऊपर्यंत आकडे घालता यायचे : वेग, दम, नेम, डोकं. सगळं भरलं की दोन्ही संघ यंत्राच्या हवाली करून नुसतं बघतही बसता यायचं. म्हणजे मी बसायचे, दामूभाऊ नाही.

"म्याडम, आपला संघ घाला. आनि समोर सालवडवालं घाला. मी सांगतो तसं."

दोन्ही संघ घालायला चार दिवस लागले. दामूभाऊ खोलीत येरझारा घालत सांगायचे, मी टाइप करायचे. प्रत्येकाच्या आकड्याला त्यांच्याजवळ कारण होतं. गोलकीपरला डोकं चार, "कारन त्याला बायकोचा चेहरा आटवला की हात सुटतात." मधल्या फळीतल्या एकाला दम दोन, "बिडीमुलं." अकरा नावं झाली आणि मग बाहेर बसवायच्या खेळाडूंत पहिलं नाव आलं, काशिनाथ वरठा.

काशिनाथ पॅकिंगमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता. जव्हारकडच्या डोंगरातला, पंचविशीचा, दोन लेकरांचा बाप. भातकापणीला घरी जायचा, परत यायचा. संध्याकाळी आमचे लोक खेळत असले की तो मैदानाबाहेर उभा राहून बाहेर आलेला चेंडू आत टाकायचा. इतकी वर्षं मी त्याला पाहत होते आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

"वेग नऊ," दामूभाऊ म्हणाले.

"दामूभाऊ, नऊच्या वर आकडाच नाही."

"म्हनून नऊ. नायतर बारा घातला असता."

"मग तो बाहेर का?"

येरझारा जरा वाढल्या. "पुडं एकच जागा हाय. ती कप्तानाची."

"आणि कप्तानाचा वेग?"

ते खिडकीपाशी गेले, परत आले. गुडघ्यावरचा पट्टा चाचपला. "आट," म्हणाले. मी बघतच राहिले. "आट म्हटला ना? घाला आट!"

घातला. आणि सामना लावला, तर आम्ही तीन-शून्य जिंकलो. दामूभाऊंनी दाण्याएवढ्या दामूभाऊंचे तीनही गोल सावकाश, पुन्हा पुन्हा पाहिले. या सगळ्यात त्यांचं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. मी सारखी चेंडूकडे बघते म्हणून ते चिडायचे. "बॉल कुटं हाय ते शेंबडं पोर पन सांगंल. बॉल नाय तिथं कोन हाय, ते बगा."

आता माझा पराक्रम ऐका. दसऱ्याच्या दोन दिवस आधी दामूभाऊ बॉयलरवरच्या चार जणांसमोर म्हणाले, "आमच्या म्याडमला मी गोलात उबी करनार हाय. दार अडवायला त्यांच्यासारकी कोन नाय." सगळे खो खो हसले. वळणदार पाटी लिहिणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंना ते लागलं. खोलीत जाऊन दार लावलं, यादी उघडली, दामू तांडेल या नावापुढचा आठ पुसला आणि तिथे तीन घातला. तोंडाला पदर लावून एकटीच हसले. उद्या कशी गंमत होते बघू!

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना लावला. दाण्याएवढे दामूभाऊ चेंडूमागे निघाले, एसटी सुटल्यावर पिशवी घेऊन मागे धावणाऱ्या माणसासारखे. चेंडू गेला, सगळे गेले, हे आपले मागेच. एकदा सालवडवाल्याने त्यांच्या पुढ्यातून चेंडू काढून नेला. मी ओठ दाबून वाट बघत होते की आता हा माणूस बटणं आपटणार, आता मला शिव्या घालणार. ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हे सावकाश दाखवा." मी दाखवलं. "परत." चार वेळा दाखवलं. मग त्यांनी बाहेर जाऊन बूट घातले आणि गेले. खोलीत ते इतका वेळ एका जागी उभे होते, हे ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

रात्रभर ठरवलं, सकाळी पहिलं काम म्हणजे आठ परत घालायचा आणि खरं सांगून टाकायचं. सकाळी गेले तर दसरा! कॉम्प्युटरच्या कपाळावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि समोर हेडक्लार्क हात जोडून उभे. मी बटणाकडे हात नेला तर ओरडले, "अहो, आज यंत्राला विश्रांती! पूजा झाल्यावर सुरू करतात का कुणी?" बरं, तोंडाला काही माळ घातली नव्हती. जाऊन सांगता आलं असतं. प्रसाद देण्याच्या निमित्ताने बॉयलरपर्यंत गेले. बॉयलरलाही माळ, आणि शेजारी दामूभाऊ, पाय बदलत. "दामूभाऊ..." म्हटलं. "हां म्याडम?" मी हातावर पेढा ठेवला आणि परत आले. दिवसभरात तीन वेळा गेले. तीन पेढे दिले. शेवटी म्हणाले, "म्याडम, मला साकर होईल."

सालवडशी खरा सामना दुसऱ्या दिवशी. मैदान अजून ओलं, एका बाजूला चिखल. आमचे लोक गोळा झाले आणि दामूभाऊ आले ते लांब पँट घालून. म्हणजे खेळणार नव्हते. त्यांनी काशिनाथला हाक मारली. स्वतःचा दहा नंबरचा शर्ट त्याच्या अंगावर टाकला. कुणी तरी बूट पुढे केले, तर दामूभाऊंनी ते बाजूला सारले. "बूट नको. बुटात हा आट होईल."

"आनि तुमी?" गोलकीपर म्हणाला.

"मला खुर्ची आना."

लोखंडी खुर्ची आणली आणि दामूभाऊ तिच्यावर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, जणू कुणी बांधून ठेवलंय. फक्त डावी टाच जमिनीवर तडतड वाजत होती. मी मागे उभी होते. दोन वेळा पुढे झाले, दोन वेळा मागे आले. आता सांगून उपयोग काय? आणि न सांगून राहवतही नव्हतं.

यंत्राने आम्हाला जिंकवलं होतं. खऱ्या मैदानात आम्ही दोन-एक हरलो. पण तो एक! चेंडू आमच्या गोलपाशी होता, सगळे तिकडे बघत होते, दामूभाऊ मात्र उलट्या बाजूला. मीही तिकडे मान वळवली. चिखलाच्या कडेने काशिनाथ एकटाच सुटला होता, अनवाणी, अजून चेंडू यायचाच होता. मग चेंडू आला आणि सालवडच्या गोलकीपरला कळेपर्यंत जाळीत होता. सगळं मैदान उसळलं. दामूभाऊ उठले नाहीत. टाच मात्र थांबली होती.

पुढे दोन वर्षांत ते नोकरी सोडून मुरब्याला गेले. काशिनाथ तोवर संघात कायमचा झाला होता. माझा तो तीनचा आकडा मात्र न सांगता माझ्याकडेच राहिला. शेवटी एका रविवारी मी मुरब्याला जाऊन थडकले. अंगणात हिराबाई, त्यांच्या पत्नी, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या, आणि दामूभाऊ वलांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत फेऱ्या मारत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

ते फेरी न थांबवता हसले. "मला ठावूक नवता? आट मी सांगितला, आटच तुमी घातला. मंग तीन कोन घालनार? मशीनला माजा गुडगा दिसते काय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? परत आठ घातला असता!"

"बोलनारच व्हतो. पन त्या तीनवाल्याला पलताना बगितला ना... चार वेळा बगितला." आता ते थांबले. "म्याडम, सेम माज्यासारका पलत व्हता."

मी एक बोंबील उचलून वलांडीवर टाकला.

"आनि एक सांगू? तीन जरा जास्तच दिला तुमी." आणि पुन्हा चालू लागले. "काशिनाथ काय बोलते? यंदा बूट घातला का त्यानं?"

हल्ली माझी नात मोबाइलवर असाच खेळ खेळते. त्यातल्या माणसांच्या कपाळावरचा घामही दिसतो. मी तिला सांगते, चेंडू नाही तिथे बघ. ती म्हणते, आजी, लुडबुड करू नकोस. बरोबरच आहे म्हणा.

दामूभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी मुरब्याला गेले होते. अंगणात सगळे खाली मान घालून बसले होते. हिराबाईंनी एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि तशीच उभी राहिले. खुर्ची पुढेमागे करत.